बरा आहो, साहेब

१९ नोव्हेंबर १९७४

गोविंदा आज अंगणात पडला. अडखळून नाही, घसरून नाही — नुसता उभा होता, आणि भिंतीला लावलेली शिडी कलंडावी तसा मागच्या मागे सरळ पडला! भीमाला न्यायला आला होता. ती धुणं वाळत घालत होती. ओला लुगड्याचा पिळा हातातच, तशी धावली.

"काही नाही जी बाई, चक्कर आली असन त्यांले."

चक्कर कसली! डोळे टक्क उघडे. आणि पडल्या पडल्या हसत होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं. चेहरा तर लाकडी मुखवट्यासारखा, एक सुरकुती हलेल तर शपथ. पण आतून खळखळ, थांबेचना. भीमा म्हणाली, "बस करा ना जी आता!" आणि माझ्याकडे पाहून तीही हसली. ते हसणं खोटं होतं.

भीमा विश्वनाथच्या मुंजीपासून माझ्याकडे आहे. गोविंदा त्याच्याही आधीपासून कंपनीच्या चक्कीवर. कामठी रस्त्यावरची ती पत्र्याची लांब इमारत. खाणीतून मँगनीजचे काळे दगड येतात, चक्कीत दळतात, आणि ती भुकटी पोत्यांतून विलायतेला जाते. तिथे तिचे टॉर्चचे सेल होतात. हे कंपनीच्या गोदामात होते तेव्हा यांचा रुमाल रोज काळा निघायचा. मी साबण लावून उकळायची. त्या भुकटीशी माझी ओळख तेवढीच.

२१ नोव्हेंबर

भीमाला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि सरळ विचारलं. आधी "काही नाही जी". मग पदर डोळ्यांना.

उन्हाळ्यापासून आहे म्हणे. आधी सही बारीक झाली. "पगाराची सही करतात तं मुंगीवानी अक्षर." मग पाय. टाच टेकत नाही, चवड्यांवर चालतो. चक्कीवर आणखी बरेच जण असे आहेत. आपसात कोंबडचाल म्हणतात त्याला, थट्टासुद्धा करतात! "एकमेकाले म्हणतात, काय गा कोंबड्या, आज आरवला नाही?"

"मग डॉक्टरला का नाही दाखवलं?"

"दाखवलं अन् त्यानं अनफिट लिहिलं तं? बिल्ला जाते ना बाई!"

बिल्ल्याचं मला ठाऊक आहे. पितळेचा, नंबर कोरलेला. चक्कीवरची जुनी रीत अशी की माणूस धडधाकट असताना कामावरून उतरला तर आपला बिल्ला मुलाच्या छातीला लावतो, आणि मुलगा त्या जागी उभा राहतो. आजारी म्हणून काढला तर बिल्ला कंपनीच्या पेटीत. भीमा-गोविंदाचा मुलगा देवराव लग्नाचा झालाय. बुद्धपौर्णिमेनंतरची तारीखही धरली आहे. मुलीच्या बापाने होकार दिला तो बिल्ल्याकडे पाहून.

"तवरक त्यांले उभं ठेवा लागते," भीमा म्हणाली. जसा काही मांडवाचा खांब!

मी म्हटलं, "अगं, म्हणजे देवरावही त्याच चक्कीवर जाणार?"

तिला प्रश्नच कळला नाही. "मंग कोणत्या जाईन जी?"

२४ नोव्हेंबर

विश्वनाथ घरी होता. जेवताना बातमी सांगितली. लंडनला कंपनीची वार्षिक सभा झाली. तिथे कोणी म्हातारी भागधारक बाई उठून म्हणाली, तुमच्या नागपूरच्या गिरणीतल्या माणसांना सरळ चालता येत नाही हे खरं का? कोणी सांगितलं तिला, देव जाणे. आता कंपनी डॉक्टर पाठवते आहे. खास तिकडून! सगळ्यांना तपासणार.

"आणि आई, त्यांना दुभाषी हवा आहे. आमच्या ऑफिसमधला नको म्हणतात. म्हटलं, तू कर."

"तुझी आई ऑफिसबाहेरची कशी रे? तू तिथे वेल्फेअर ऑफिसर!"

"तू पगारावर कुठे आहेस? आणि तुझ्यासारखं इंग्रजी आपल्या सगळ्या सदर भागात कोणाला येतं, ते सांग."

लबाड आहे. लहानपणी लाडू हवा असला की असाच बोलायचा. पण मला बरं वाटलं, हे इथे तरी लिहायला हरकत नाही. किती वर्षांत इंग्रजीत बोलायला कोणी उरलं नाही. हे होते तेव्हा क्लबात नाताळाला जायचो, तेवढं. ट्रंकेतल्या चांगल्या साडीसारखं झालंय माझं इंग्रजी. घडीवर विरेल एक दिवस.

डॉक्टर आला की गोविंदाचं काहीतरी होईल. तिकडे औषधं असतात. माझा त्या लोकांवर विश्वास आहे. का नसावा?

२८ नोव्हेंबर

बाजारात संत्र्यांचे ढीग. मी मुरंबा घालायला बसले. कडू सालींचा, कॉन्व्हेंटातल्या सिस्टर ऑगस्टीनचा. दर हिवाळ्यात त्या आम्हा मुलींना ओळीने बसवून साली कापायला लावत. आयर्लंडहून विशीत आल्या, परत कधी गेल्याच नाहीत. मी एकदा विचारलं होतं, घरची आठवण येत नाही? म्हणाल्या, येते, साली कापताना. डोळे झोंबतात तर त्यात कोणाला कळत नाही.

त्यांच्यामुळे मला लहानपणी वाटायचं की समुद्रापलीकडे सगळी अशीच माणसं असतात. कडक, स्वच्छ, दिलेला शब्द पाळणारी. "उभी राहा. तोंड उघड. पूर्ण खरं सांग. मगच बस." वर्गात फळा फुटला तरी एवढंच. मारलं कधी नाही.

३ डिसेंबर

आज आमच्या अंगणात तालीम! दुसरा शब्द नाही.

डॉक्टर येणार ही बातमी वस्तीत पोचली आहे. आनंद नाही, घबराट. सगळ्यांना पास व्हायचंय. शाळेची परीक्षा असावी तसं कुठून कुठून विचारून आणलंय, साहेब काय करायला लावतो ते. चालायला लावतो, बोट नाकाला लावायला सांगतो, मागून खांदा ओढतो. वस्तीत चालवलं तर लोक पाहतात, म्हणून भीमा गोविंदाला इथे घेऊन आली.

"टाच टेकवा! टाच! कोंबड्यावानी काहून चालून राहिले?"

"टेकवून राहिलो ना वं."

"कुठी टेकवली? हवेत आहे थे!"

तुळशीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून तुळशीपर्यंत. वळताना घोटाळा. वळायचं म्हटलं की पाय जमिनीला चिकटतात. भीमानेच युक्ती काढली. एकदम वळायचं नाही, भिंतीवर काही पाहतोय असं दाखवून तिला हात टेकायचा आणि हळूहळू फिरायचं. एकदा जमलं. ती लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली. गोविंदाला हसू फुटलं, ते थांबेना, मग त्याच हसण्यात त्याचे डोळे वाहायला लागले. भीमा म्हणाली, "हे पाहा, आता रडून राहिले. ना हसायचा ठिकाणा, ना रडायचा." आणि आपल्या पदराने त्याचं तोंड पुसलं. आधी नाक, मग डोळे. मुलाचं पुसतात तसं.

जाताना मला हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही दुभाष्या आहे म्हणतात विश्वनाथदादा. थे बोलतीन तेवढंच सांगजा हं. जास्त नोको."

मी म्हटलं, "बरं."

किती सहज म्हटलं.

६ डिसेंबर

भीमा आज येत नाही. दरवर्षीच येत नाही. भांडी मी घासली. हात थंडीने लाल.

९ डिसेंबर

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

सदरच्या ऑफिसातली मोठी खोली. डॉ. मिलबर्न, पिकलेल्या भुवयांचे, मऊ बोलणारे. उठून उभे राहिले माझ्यासाठी, खुर्ची ओढून दिली. माझं पहिलं वाक्य ऐकून म्हणाले, इतकं सुरेख इंग्रजी आता आमच्याकडेही ऐकू येत नाही. मी लाजले! या वयात.

बाहेर व्हरांड्यात सगळे ओळीने बसलेले. आणि सगळे कसे आले होते! डोक्याला तेल, भांग, उसने बूट. भीमाच्या इंदोरा वस्तीतले बरेच जण पांढऱ्या कपड्यांत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना घालतात ते, नीळ दिलेले, इस्त्रीचे. रोज काळ्या भुकटीत बुडालेली ही माणसं. आज साहेबासमोर कुठे डाग दिसू नये. पाहुणा एवढ्या लांबून आला, त्याला दुखणं काय दाखवायचं! विश्वनाथ माझ्या कानात म्हणाला, "पाहिलंस? लग्नाला आल्यासारखे आलेत." तो हसत नव्हता.

प्रश्न सगळ्यांना तेच. पडता का? नाही जी. हात थरथरतात? नाही जी. झोप लागते? मस्त लागते साहेब. मी सांगत गेले. एक जण आत येताना दाराची चौकट सोडेचना. डॉक्टरांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "लाकूड चांगलं आहे जी, पाहून राहिलो." मी तेही सांगितलं. डॉक्टर हसले. वहीत काही लिहिलं नाही.

मग गोविंदा. भीमा बाहेर पायरीवर. दारातून तिचा पाय दिसत होता, अंगठा जमिनीत रुतवलेला.

"कसा आहेस?"

"बरा आहो, साहेब. तुमच्या मेहरबानीनं."

चालला. टाच टेकवली! मला माहीत होतं त्यासाठी त्याने दात किती आवळले असतील. वळायची वेळ आली तसा भिंतीला हात लावला, कॅलेंडर पाहिल्यासारखं केलं आणि वळला. डॉक्टर म्हणाले, मनाविरुद्ध हसू येतं का? रडू? मी विचारलं. गोविंदा म्हणाला, "नाही जी." तसाच लाकडी चेहरा. आणि एका डोळ्यातून पाणी ओघळत होतं, त्याला पत्ताच नव्हता. पुसलंही नाही. भीमा बाहेर होती ना.

मी उभी राहिले. का उभी राहिले कोण जाणे. बसूनही बोलता आलं असतं. म्हणाले, डॉक्टर, हा मनुष्य तुम्हाला खरं सांगत नाही. हा माझ्या अंगणात पडतो. सरळ उभा असताना मागे पडतो. त्याचं अक्षर मुंगीएवढं झालंय. याला आणि बाहेरच्या सगळ्यांना तुमच्यासमोर चालायचं शिकवून आणलंय, कारण आजारी ठरले तर त्यांच्या मुलांचं काम जाईल. कृपा करून त्याला मागून ओढून पाहा.

डॉक्टर उठले. हळूच, दोन बोटांनी खांदा मागे ओढला. गोविंदा लाकडासारखा गेला तो थेट त्यांच्या छातीवर. त्यांनी त्याला सावरलं, खुर्चीत बसवलं. मग म्हणाले, थँक यू. रक्त घेतलं. बाकीच्यांना पुन्हा आत बोलावलं. एकेकाला ओढत गेले. एकेक जण पडत गेला.

गोविंदा खुर्चीतून माझ्याकडे पाहत होता. रागाने नव्हे. विचारलं फक्त —

"मी एवढंसं बोललो. तुम्ही एवढं लंबं काय सांगितलं जी?"

१० डिसेंबर

मी खरं सांगितलं. चूक केली नाही. डॉक्टरांनी जाताना शब्द दिलाय — अहवालात सगळं लिहीन, यावर एक नवं औषध निघालंय, पाठवायची शिफारस करीन. एवढा मोठा माणूस!

भीमा आली, केर काढला, गेली.

१३ डिसेंबर

आज बोलली. भांड्यांकडे पाठ करून.

"मी काय म्हटलं होतं तुमाले? थे बोलतीन तेवढंच सांगजा."

"भीमा, अगं त्याला औषध मिळेल."

"औषध मी मागतलं होतं का?" मग परात आपटली. नवरा मरतोय दिसत असताना मी तोंड मिटून बसायला हवं होतं का, असं मी ओरडलेच. ती म्हणाली, "मरून तं राहिलेच होते बाई. पोरगं तं लागलं असतं."

२५ डिसेंबर

चर्चपर्यंत चालत गेले. आत नाही गेले. मुली तीच जुनी नाताळची गाणी म्हणत होत्या. मला अजून सगळे शब्द येतात. फाटकाशी उभी राहून ओठ हलवले आणि परत आले. डॉक्टरांचं भेटकार्ड आलंय. बर्फातलं खेडं, खिडकीत दिवा. तारीफ केली आहे माझ्या धैर्याची.

दिवाणखान्यात ठेवलं. मग उचलून कपाटात ठेवलं, भीमाला दिसेल म्हणून.

१८ जानेवारी १९७५

विश्वनाथ दुपारीच घरी आला. बूट न काढता बसला.

डॉक्टरांचा अहवाल लंडनला पोचला. खूप वाखाणला गेला म्हणे. कंपनीने लगेच निर्णय घेतला. कामगारांच्या जिवाची जबाबदारी कंपनी मानते, अशी धोक्याची गिरणी आमच्या नावावर एक दिवसही चालू राहणार नाही. बंद! महिन्याअखेर. त्या म्हातारीने म्हणे अभिनंदनाची तार केली.

"आणि माणसं?"

"कायद्यात बसेल ते देतील. आजारी ठरलेत ते अनफिट. नोकरी संपली."

"औषध? शिफारस केली होती ना त्यांनी?"

"दुखणं याच कामामुळे झालं हे वकील मान्य करत नाहीत, आई. औषध पाठवलं तर मान्य केल्यासारखं होईल. म्हणून पाठवायचं नाही असं ठरलंय."

मी म्हटलं, असं कसं? डॉक्टरांनी शब्द दिलाय मला!

तो हसला. "आई, तू समजून नाही राहिली. डॉक्टर चांगला माणूस आहे. कंपनी काही माणूस नाही." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तशी परदेशी कंपन्यांवर नवा कायदा आलाच होता. त्यांना इथून पाय काढायचाच होता. तू त्यांना चांगलं कारण दिलंस."

चांगलं कारण!

१९ जानेवारी

काही सुचत नाही.

३१ जानेवारी

चक्कीचा शेवटचा दिवस. मीही गेले, विश्वनाथसोबत. वाटलं, जायलाच हवं, तोंड चुकवायचं नाही. हार, फोटो, चहा-चिवडा. बिल्ले एका टोपलीत जमा करत होते. कोणी पुसून देत होतं, कोणी टाकत होतं. खण्ण असा आवाज. मग कंपनीतर्फे प्रत्येकाला आठवण म्हणून एकेक टॉर्च दिला, सेल घातलेला. कोणाला सुचलं असेल हे? मी विश्वनाथकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. म्हणजे त्यालाच!

गोविंदाच्या बोटांना टॉर्चचं बटण दाबता आलं नाही. देवरावने दाबून दिलं. भर दुपारी तो उजेड दिसला सुद्धा नाही.

बायका कुजबुजत होत्या. एकीने मला ऐकू येईल असं म्हटलं, "हेच थे इंग्रजीवाली बाई. दोन शब्द बोलली अन् दीडशे चुली इझवल्या."

११ फेब्रुवारी

भीमा येते. काम तसंच स्वच्छ. मी चहा पुढे ठेवते, तो गार होईपर्यंत ती शिवत नाही, मग मोरीत ओतते. आधी तिच्याशिवाय माझा चहा व्हायचा नाही. दोघी ओट्यावर बसून घ्यायचो. ती तिच्या कपात घ्यायची, तो वेगळा ठेवलेला. त्याबद्दल ती एकदा म्हणाली होती, "तुमच्याकडे इंग्रजी आलं बाई, पण माह्यी कपबशी तं अलगच राहिली." आम्ही तेव्हा दोघी हसलो होतो. मी दुसऱ्या दिवशी तो कप इतरांत मिसळला. इतकी वर्षं मला ते सुचलं नव्हतं.

आता मिसळलेल्या कपांतूनही घेत नाही.

२ मार्च

देवरावचं लग्न मोडलं. बिल्ला नाही तर मुलगी नाही. भिलाईला निघून गेला काम शोधायला. जाताना आईला सुद्धा सांगितलं नाही.

७ मार्च

सरकारी दवाखान्यात गोविंदाला घेऊन गेले. भीमा "नोको" म्हणत होती, मी रिक्षा आणलीच. तरुण डॉक्टर. कमजोरी म्हणाला, शक्तीच्या गोळ्या दिल्या. मी त्याला इंग्रजीत सांगायला लागले — मँगनीज, नवं औषध, डॉ. मिलबर्न. तो म्हणाला, "माताजी, मराठीत सांगा ना, मला कळतं." मराठीत सांगितलं. ते औषध मुंबईत मिळालं तर मिळेल, म्हणाला, आणि जन्मभर घ्यावं लागेल. तुम्ही आणून द्याल का जन्मभर?

लंडनला दोनदा लिहिलं. डॉक्टर मिलबर्न आता कंपनीसाठी काम करत नाहीत, एवढंच एका चिटणीस बाईचं उत्तर. टंकलेखन फार सुबक.

येताना रिक्षात गोविंदा माझ्या खांद्यावर कलंडला. माणूस असा जड झालाय. भीमाने त्याला आपल्याकडे ओढून घेतलं. "बाईच्या साडीले डाग पडन," म्हणाली. डाग कशाचा? चक्की बंद होऊन महिना झाला!

२३ मार्च

इंदोऱ्याला गेले, त्यांच्या खोलीवर. गोविंदा खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. बोलतो, पण आवाज इतका बारीक की कान ओठांशी न्यावा लागतो. म्हणाला, "बरा आहो जी."

कोणाला सांगत होता? मला की साहेबाला?

पूर्वी दसऱ्याला भीमा आमच्याकडे सोनं द्यायला यायची नाही, म्हणायची आमचा दसरा वेगळा. पण गोविंदा यायचा, पांढरे कपडे घालून, नुसता दारात उभा राहून "जय भीम जी बाई" म्हणून जायचा. हे आतून ओरडायचे, "ये रे, बस!" तो बसायचा नाही. धिप्पाड माणूस. फाटकाची कडी त्याच्या हाताला खेळण्यासारखी. ते सगळं कुठे गेलं? भुकटी झाली, पोत्यात भरली, समुद्रापलीकडे गेली. तिथे कोणी अंधारात वाट शोधली असेल तिच्या उजेडात.

असं लिहायला नको. सिस्टर म्हणायच्या, दुसऱ्याच्या दुःखावर नक्षी काढू नये.

५ एप्रिल

विश्वनाथ हिंडतोय. सकाळी जातो, रात्री येतो. कंपनीने त्याला सोडलं तेव्हापासून माझ्याशी नीट बोलला नव्हता. आज मात्र गूळ लागल्यासारखा गोड. काहीतरी धंदा जमतोय. दोघे भागीदार. जागा कुहीच्या रस्त्यावर. मी म्हटलं, कुहीला धानच धान, धानगिरणी का? तो म्हणाला, "दळायचंच आहे काहीतरी. तुला दाखवीन ना."

बरं झालं. घरात पुरुषमाणूस रिकामा बसला की भिंती अंगावर येतात. धान दळणं चांगलं काम आहे. लोकांच्या पोटात जातं.

१४ एप्रिल

रस्त्याने मिरवणुका, निळे झेंडे. भीमा दिसते का म्हणून फाटकात उभी राहिले. दिसली. गोविंदाला हातगाडीवर बसवून ढकलत होती. मागे उशी लावलेली, कपडे तेच पांढरे. त्याला सगळं पाहायला मिळावं म्हणून मान हाताने वर धरली होती. माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. तिचे हात गुंतलेले होते.

३० एप्रिल

भीमाने काम सोडलं. उद्यापासून येणार नाही. मी कारण विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारू? रागानेच सोडलं असणार. जाताना स्वयंपाकघर धुतलं, डबे पुसले, फडकं पिळून दोरीवर घातलं.

मी म्हटलं, "भीमा, घर चालेल कसं तुझं?"

"चालते जी. थांबते कुठी?"

फाटकापर्यंत गेले तिच्यामागे. तिने वळून पाहिलं नाही. आमची अशीच भेट संपायची होती का? मला माफ कर, एवढं तीन शब्दांचं होतं. मला ते तिच्याशी कोणत्याच भाषेत बोलता आलं नाही.

११ मे

ऊन असं की कावळेही ओरडत नाहीत. विश्वनाथ म्हणतो, मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा, नारळ तुझ्याच हातून. बाबा असते तर त्यांच्या हातून फोडला असता. नवी साडी आणली आहे माझ्यासाठी, मोतिया रंगाची. नाही कसं म्हणू? किती महिन्यांनी त्याने मला आई म्हणून नीट हाक मारली.

अक्षय्य तृतीया

शेडमध्ये धान नव्हतं. चक्की होती, तीच. भंगारात घेतलेली. हिरवा रंग दिलाय, पण ओळखली.

विश्वनाथ म्हणाला, "भुकटी त्यांना लागतेच, आई. फक्त चक्की त्यांची असायला नको. आता दळणार आपण, ते नुसते घेणार. त्यांच्यावर काही येत नाही." बिल्ले नाहीत, रोजंदारी. पुरुष जास्त मागतात, म्हणून बायका घेतल्यात. पदर नाकाला बांधून ओळीने उभ्या होत्या. शेवटून दुसरी भीमा.

नारळ माझ्या हातात तसाच.

"फोडा ना जी बाई," ती म्हणाली. "आता तं घरचीच चक्की आहे."

मी फोडला.